पुढारी म्हणतो ‘मी तुमचा सेवक’. मग मालकाच्या हातात काय आहे?

विशेष विश्लेषण

आपल्या ग्रामपंचायतीतली पदाची पाटी अलीकडे नीट वाचली आहे का? आपल्या वाडवडिलांच्या काळापासून गावाला ‘ग्रामसेवक’ माहीत होता. २०२४ मध्ये राज्य सरकारने ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं एकत्र केली आणि नवीन नाव दिलं ‘ग्रामपंचायत अधिकारी’. पगार, बढती, संघटनांची मागणी अशी त्यामागची कारणं असतील, त्यावर आपला वाद नाही. पण गंमत बघा. कागदावर जो खरोखर सेवक होता तो अधिकारी झाला, आणि त्याच वर्षी लोकसभा-विधानसभेच्या प्रचारात जो तो पुढारी स्वतःला सेवक म्हणवून घेत होता.

विरोधी पक्षाचं आवाहन तर दर निवडणुकीत जवळपास सारखंच असतं. सत्तेवरचे लोक मालक झालेत, त्यांना माज आलाय, आम्हाला राज्य करायचं नाही, आम्हाला तुमची सेवा करायची आहे, म्हणून बदल घडवा. गावच्या पारावरच्या सभेपासून मुंबईच्या मैदानापर्यंत हेच ऐकू येतं. ग्रामपंचायत असो की जिल्हा परिषद, हे आवाहन पुन्हा पुन्हा आपल्या दारात येणार आहे. म्हणून एकदा शांतपणे बसून विचार करू, की हे बोलणं तोलायचं कोणत्या तराजूत?

आवाहन जुनंच, बोलणारे बदलतात

१९९५ आठवा. राज्यात काँग्रेसची सत्ता होती. शिवसेना-भाजप विरोधात होते आणि त्यांनी बदलाची हाक दिली, शिवशाही आणू म्हणाले. लोकांनी दोघांना मिळून १३८ जागा दिल्या. बहुमताला थोड्या कमी पडल्या, अपक्षांनी हात दिला आणि मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले.

२०१४ तर बहुतेकांच्या डोळ्यासमोर आहे. दिल्लीत काँग्रेस आघाडीचं सरकार होतं. नरेंद्र मोदी सभांमधून सांगत होते, की राज्यकर्त्यांना ६० वर्षं दिलीत, आता या सेवकाला ६० महिने द्या. महाराष्ट्राने ४८ पैकी ४२ जागा भाजप आणि मित्रपक्षांना दिल्या. त्या वर्षी १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून मोदींनी स्वतःला ‘प्रधान सेवक’ म्हटलं. काही महिन्यांत राज्यातही सत्ता बदलली.

पुढे चित्र उलटं झालं. २०२४ ला काँग्रेस, उद्धव ठाकरेंची शिवसेना आणि शरद पवारांचा राष्ट्रवादी हे विरोधात होते. आता सत्ताधाऱ्यांना माज आला आहे, बदल करा, असं तेच म्हणत होते. लोकसभेला लोकांनी त्यांना ४८ पैकी ३० जागा दिल्या. सहाच महिन्यांत विधानसभेला त्याच मतदाराने महायुतीला २८८ पैकी २३० च्या वर जागा दिल्या.

यावरून कुणी म्हणेल, सगळेच चोर, बोलून काय उपयोग. तसं नाही. बदलाचं आवाहन खोटंच असतं असं धरून चालणंही चूक आहे. १९७७ मध्ये आणीबाणीनंतर लोकांनी इंदिरा गांधींचं सरकार पाडलं. जनता पक्षाचं राज्य आपसातल्या भांडणामुळे तीन वर्षंही टिकलं नाही, हे खरं. पण जाण्याआधी त्यांनी घटनेत ४४ वी दुरुस्ती केली. आणीबाणी लावली तरी माणसाचा जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क गुंडाळून ठेवता येणार नाही, ही तरतूद त्या दुरुस्तीने आणली. ते सरकार गेलं, पक्ष फुटला, तरतूद मात्र आजही तुमच्या-आमच्या कामाची आहे. सत्तेवरच्याला आपण हरू शकतो ही भीती राहिली पाहिजे, आणि ती भीती विरोधी पक्षामुळेच राहते.

तेव्हा ‘सेवक’ हा शब्द कोण वापरतो याला फार अर्थ नाही. तो माणूस जाताना मालकाच्या हातात काय ठेवून जातो, ते बघायचं.

कायद्यातला सेवक कोण?

एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक आहे. आमदार हा कायद्याने लोकसेवक आहे का, हा प्रश्न आपल्याच राज्यातून सर्वोच्च न्यायालयात गेला होता. मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांना सिमेंट प्रकरणात १९८२ मध्ये राजीनामा द्यावा लागला. त्यांच्यावरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सांगितलं, की तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतली ‘लोकसेवक’ची व्याख्या आमदाराला लागू होत नाही.

नंतर १९८८ चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा आला आणि व्याख्या रुंद झाली. ज्या पदामुळे सार्वजनिक काम करावं लागतं, त्या पदावरचा माणूस लोकसेवक. १९९८ मध्ये नरसिंह राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खासदारही या व्याख्येत धरले. पण त्याच निकालात एक पळवाट राहिली होती. सभागृहात पैसे घेऊन मत दिलं, तर त्या खासदाराला संरक्षण मिळत होतं. ही पळवाट बंद व्हायला २०२४ चा मार्च उजाडला. सात न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं, की सभागृहातल्या मतासाठी वा भाषणासाठी लाच घेतली तर आमदार-खासदाराला विशेषाधिकाराची ढाल मिळणार नाही.

म्हणजे पुढारी व्यासपीठावरून सेवक म्हणवून घेत होते, पण कायद्याने त्यांना सेवकाच्या जबाबदारीत आणायला ४० वर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या. ‘मी सेवक’ म्हणणं फुकट आहे. सेवकाचे नियम अंगाला लावून घेणं महाग पडतं. फरक तिथे आहे.

आपणही सेवा कशाला म्हणतो?

सगळा दोष पुढाऱ्यावर टाकून मोकळं होता येणार नाही. चांगला लोकप्रतिनिधी कोण, असं चावडीवर विचारा. उत्तरं काय येतात? फोन केला की उचलतो. लग्नाला येतोच. दहाव्याला, तेराव्याला हजर असतो. दवाखान्याचं बिल कमी करून देतो. गणपती मंडळाला वर्गणी देतो. तहसीलदाराला फोन लावून दाखला काढून देतो.

माणूस दुःखात असताना कुणी दारात आलं तर बरं वाटतं, यात खोटं काही नाही. पण शेवटची गोष्ट पुन्हा वाचा. तहसीलदाराला फोन लावून दाखला काढून देतो. तो दाखला तर तुमचा हक्क होता. अर्ज केला, कागदं जोडली, फी भरली, मग ठरलेल्या दिवसांत तो मिळायलाच हवा होता. तो अडला, म्हणून पुढाऱ्याचा फोन लागला. फोन लागला, म्हणून आपण उपकारात बांधले गेलो. आणि पुढच्या निवडणुकीत घरातली पाच मतं त्या फोनची परतफेड म्हणून गेली.

सेवक मालक होतो तो इथे. दाखला अडतो तेवढा पुढाऱ्याचा फोन मोलाचा होतो. मग दाखला अडू नये असं त्याला मनापासून का वाटावं? सत्तेवरचा असो की विरोधातला, हा हिशेब दोघांना सारखाच लागू आहे. विरोधातल्याचा फोन थोडा कमी चालतो, इतकंच. म्हणून तो म्हणतो, मला निवडून द्या, माझा फोन चालू होईल. त्यापेक्षा आपण असा माणूस शोधायला हवा, की ज्याच्या फोनची गरजच पडणार नाही अशी व्यवस्था तो लावून देईल. तसा माणूस ओळखायच्या काही कसोट्या आहेत.

पहिली कसोटी : सत्ता नव्हती तेव्हा काय केलं?

विरोधी पक्ष म्हणतो, सत्ता द्या म्हणजे सेवा करू. त्याला पहिला प्रश्न हा, की सत्ता नव्हती त्या पाच वर्षांत काय केलं? विरोधात बसूनही सेवा करता येते, याचं मोठं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. सांगोल्याचे गणपतराव देशमुख शेतकरी कामगार पक्षाचे. ११ वेळा आमदार झाले आणि त्यातला बहुतेक काळ विरोधी बाकावर होते. मंत्रिपद मिळालं ते थोड्याच वर्षांसाठी. एसटीने प्रवास करणारा आमदार म्हणून लोक त्यांची आठवण काढतात. पण त्यांचं मोठेपण एसटीपुरतं नाही. दुष्काळी तालुक्यांना कृष्णेचं पाणी मिळावं म्हणून आटपाडीच्या पाणी परिषदेत ते नागनाथअण्णा नायकवडींबरोबर वर्षानुवर्षं उभे राहिले आणि सभागृहात तोच विषय लावून धरला. सरकार कुणाचंही असो, मागणी तीच.

२०२४ च्या निकालानंतर विधानसभेत विरोधकांची संख्या फार कमी झाली. विरोधी पक्षनेतेपदासाठी एकूण जागांच्या दहा टक्के, म्हणजे २९ जागांची प्रथा सांगितली जाते. विरोधातल्या एकाही पक्षाला तेवढ्या मिळाल्या नाहीत. सर्वात मोठ्या पक्षाच्या २० होत्या. पण प्रश्न विचारायला २९ आमदार लागत नाहीत. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्धा तास चर्चा ही हत्यारं एकट्या आमदाराकडेही असतात. गावातही तेच. ग्रामपंचायतीत नऊपैकी दोन सदस्य विरोधातले असले, तरी मासिक सभेत खर्चाचं रजिस्टर मागायला दोघं पुरेत. त्यांनी ते किती वेळा मागितलं? की पाच वर्षं घरी बसून शेवटच्या दोन महिन्यांत फ्लेक्स लावले?

दुसरी कसोटी : देणगी देतो की हक्क?

१९९५ च्या सरकारची एक रुपयात झुणका-भाकर योजना अनेकांना आठवत असेल. भुकेल्याला एक रुपयात जेवण मिळणं वाईट कसं म्हणायचं? पण पुढे सरकार बदललं, अनुदान थांबलं आणि केंद्रं बंद पडत गेली. जेवायला येणाऱ्याच्या हातात कोणताच कागद नव्हता, की ज्यावर बोट ठेवून त्याने म्हणावं, ‘हा माझा हक्क आहे, हा थांबवता येणार नाही.’

याच्या शेजारी रोजगार हमी ठेवून बघा. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला ती कल्पना करून पाहिली. १९७२ च्या दुष्काळात हजारो गावांतल्या लोकांनी खडी फोडून आणि रस्त्याची कामं करून घरं जगवली. पागे काँग्रेसचे होते, पण हा विषय विरोधातल्या मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्यांनीही उचलून धरला. शेवटी मागेल त्याला काम देण्याचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो राज्यात लागू झाला. तोवर सरकार बदलून पुलोदचं आलं होतं. तरी कायदा थांबला नाही, कारण तो कुणा एकाचा उपकार उरला नव्हता. पुढे २००५ मध्ये त्याच धर्तीवर देशाचा कायदा झाला.

आता २०२४ कडे या. जुलैपासून लाडक्या बहिणीला महिन्याला १५०० रुपये सुरू झाले. निवडणुकीत महायुती म्हणाली २१०० देऊ. आघाडी म्हणाली महालक्ष्मी योजनेत ३००० देऊ. हे पैसे बाईच्या स्वतःच्या खात्यात येतात, त्यातून औषधं येतात, पोरांची वह्या-पुस्तकं येतात, नवऱ्यापुढे हात पसरावा लागत नाही. शहरात बसून याला ‘रेवडी’ म्हणणाऱ्यांना गावातल्या बाईचा महिना माहीत नाही. पण सेवक बदलण्याचं आवाहन शेवटी आकड्यांच्या बोलीवर आलं, हेही तितकंच खरं. बोली लागली की सत्तेवरचा जिंकण्याची शक्यता जास्त असते, कारण त्याचा हप्ता खात्यात पडलेला असतो आणि विरोधकाचा फक्त भाषणात असतो. विधानसभेच्या निकालाची कारणं बरीच सांगितली गेली, त्यात हे एक मोठं होतं.

म्हणून विरोधी उमेदवार आला, की आकडा विचारण्याआधी हे विचारायला हवं. ही योजना कायद्याने बांधणार का? नाव वगळलं तर अपील कुठे करायचं? किती दिवसांत उत्तर मिळणार? याची उत्तरं नसतील, तर ती देणगी आहे. देणारा कधीही हात आखडता घेऊ शकतो.

तिसरी कसोटी : गावाचा अधिकार गावाला ठेवतो का?

सरपंच थेट जनतेतून निवडायचा की सदस्यांनी निवडायचा, हा गावाचा जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. २०१७ मध्ये भाजप-शिवसेना सरकारने थेट निवडणूक आणली. २०२० मध्ये महाविकास आघाडीने ती रद्द केली. २०२२ मध्ये शिंदे-फडणवीस सरकारने पुन्हा आणली. पाच वर्षांत तीन वेळा नियम फिरला. दोन्ही बाजूंनी गावाच्या भल्याचं कारण सांगितलं. पण असा निर्णय घेण्याआधी तुमच्या ग्रामसभेत कुणी विषय ठेवला होता का? सेवकाने मालकाला विचारल्याचं आठवतं का?

जिल्हा परिषदांचं तर त्याहून वाईट झालं. राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली. ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात, प्रभागरचना एकदा अशी एकदा तशी, आणि कारभार प्रशासकाकडे. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असा आदेश दिला, त्यालाही नंतर मुदतवाढ मिळाली. तीन वर्षांहून जास्त काळ तुमच्या गटाला सदस्य नव्हता, गणाला सदस्य नव्हता. शाळेची गळकी खोली, आरोग्य केंद्रातला रिकामा डॉक्टर, पाणंद रस्ता हे विषय सभागृहात मांडणारं कुणी नव्हतं. शिवाय निवडून आलेली संस्था असेल तरच वित्त आयोगाचा निधी मिळतो अशी अट आहे, त्यामुळे पैशालाही फटका बसला.

हा काळ सुरू झाला तेव्हा सरकार महाविकास आघाडीचं होतं, लांबला तेव्हा महायुतीचं होतं. विरोधात कधी हे, कधी ते. आरक्षणाचा प्रश्न खरा होता, ओबीसींना डावलून निवडणूक घ्यावी असं कुणी म्हणणार नाही. पण तीन वर्षं मालकाला घराबाहेर ठेवून घर चालवलं गेलं, आणि ‘आम्ही सेवक’ म्हणणाऱ्यांपैकी किती जण त्यासाठी रस्त्यावर बसले?

चौथी कसोटी : मत घेऊन कुठे जाणार?

२०१९ च्या विधानसभेला भाजप आणि शिवसेनेने एकत्र मतं मागितली. निकालानंतर शिवसेना काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर सत्तेत गेली. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली आणि एकनाथ शिंदे भाजपच्या साथीने मुख्यमंत्री झाले. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली आणि भाजपविरोधात मतं मागून निवडून आलेले बरेच आमदार त्याच सरकारात गेले. कोण बरोबर, कोण चूक, यावर गावागावांत भांडणं झाली आणि घरांत अबोले धरले गेले.

आपण एवढंच विचारू, की एका पाच वर्षांच्या मुदतीत तुमच्या एका मताचा अर्थ किती वेळा बदलला? ज्याला बदलासाठी पाठवलं तो सरकारात जाऊन बसला, ज्याला सरकारसाठी पाठवलं तो विरोधात आला. मालकाने नांगरटीला पाठवलेला गडी परस्पर दुसऱ्याच्या रानात जातो, आणि मालकाला ते टीव्हीवर कळतं. ‘बदल’ मागणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला हे तोंडावर विचारा, की बाजू बदलायची वेळ आली तर आधी राजीनामा देऊन परत आमच्याकडे याल का? बहुतेक जण हसून वेळ मारून नेतील. ते हसणंही उत्तरच समजा.

पण आज हातात काय आहे?

निवडणुकीची वाट न बघता वापरता येतील अशा काही गोष्टी मालकाकडे आधीच आहेत. त्या वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांनी दिल्या, कधी स्वतःहून, कधी आंदोलनाने भाग पाडल्यावर.

लोकसेवा हक्क कायदा : राज्यात २०१५ पासून लागू आहे. फडणवीस सरकारच्या काळात आला. जन्म-मृत्यूचा दाखला, नमुना ८ चा उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला, तहसीलचे दाखले अशा अधिसूचित सेवांना दिवस ठरवून दिलेले आहेत. अर्ज दिला की पोच घ्यायचीच, तिच्यावर कधीपर्यंत काम होणार तेही असायला हवं. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला, तर ३० दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, शेवटी आयोग. विनाकारण अडवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. पुढाऱ्याला फोन करण्याआधी ही पोच मागा.

माहितीचा अधिकार : अण्णा हजारेंच्या आंदोलनानंतर राज्याचा कायदा आधी झाला, देशाचा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्ण लागू झाला. १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला फी नाही. रस्त्याचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची नक्कल, ठेकेदाराला दिलेलं बिल, सगळं मागता येतं.

ई-ग्रामस्वराज : हे तर तुमच्या मोबाईलवर आहे. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आणि वित्त आयोगाच्या पैशातून झालेला खर्च इथे दिसतो. १५ व्या वित्त आयोगाच्या निधीतला ८० टक्के वाटा थेट ग्रामपंचायतीला ठरवला होता. गावात कोणतं काम झालं म्हणून दाखवलंय ते बघा, आणि मग त्या जागेवर जाऊन बघा.

ग्रामसभा : मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यापैकी जी संख्या कमी असेल तेवढी हजेरी लागते. तेवढी माणसं जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग चार टाळकी बसतात आणि तुमच्या गावाचा ठराव होतो. सगळ्यात मोठा अधिकार आपण असा घरी बसून सोडून देतो. थेट निवडून आलेल्या सरपंचावर सदस्यांनी तीन चतुर्थांश मतांनी अविश्वास आणला, तरी शेवटचा शब्द ग्रामसभेच्या गुप्त मतदानाचा असतो. आमदार-खासदाराला मुदतीआधी परत बोलवायची सोय मतदाराला नाही. सरपंचाच्या बाबतीत मात्र गावाला तेवढा तरी अधिकार आहे.

उमेदवार दारात आला की

येत्या काळात कुणीतरी हात जोडून दारात येईल. विरोधातला असेल तर म्हणेल, बदल करा, मी तुमचा सेवक. त्याला चहा द्या. पाहुण्याला रिकामं पाठवायची आपली रीत नाही. त्याचं सगळं ऐकून घ्या, कारण त्याच्या तक्रारीत बहुतेक वेळा तथ्य असतं. आणि मग विचारा :

भाऊ, मागच्या पाच वर्षांत तुम्ही कोणता प्रश्न, कुठे, किती वेळा मांडला? तुमची योजना कायद्याने बांधणार की तुमच्या मर्जीवर राहणार? ग्रामसभेचा ठराव तुमच्या पक्षाला नको असला तरी मान्य कराल का? पक्ष बदलला तर परत विचारायला याल का? आणि तुमच्या काळात असं काय कराल, की आमच्या पोराला दाखल्यासाठी तुम्हाला फोन करावा लागणार नाही?

शेवटचा प्रश्न ऐकून जो गडबडणार नाही, दोन मिनिटं थांबून नीट उत्तर देईल, त्याचा विचार करायला हरकत नाही. मग तो विरोधातला असो की सत्तेतला. सत्तेतला आला तरी प्रश्न हेच, त्याला सूट नाही.

पाटीवर ग्रामसेवक लिहायचं की ग्रामपंचायत अधिकारी, ते सरकार ठरवेल. पुढची ग्रामसभा लागेल तेव्हा आपली शंभर माणसं तिथे असतील की नाही, ते मात्र आपल्यालाच ठरवायचं आहे. तारीख ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते. गावच्या ग्रुपवर ती टाका, आणि घरातल्या बायकांनाही बरोबर घेऊन या.